भोंगा नंतर वाजला

१

धडकेचा आवाज आधी आला आणि भोंगा नंतर वाजला, याबाबत दोन्ही साक्षीदारांत तिळमात्र दुमत नव्हते. पहिला साक्षीदार कोपऱ्यावरचा ओतारी. तो आपल्या दुकानाच्या दारात उभा होता. दुसरा म्हातारा ऑर्गनवाला. तो त्या क्षणी रस्त्यावर आडवा झालेला होता आणि त्याच्या डाव्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. ज्या मोटारीने ते मोडले ती डॉक्टरांची. त्यामुळे पाय मोडणे आणि बसवणे ही दोन्ही कामे एकाच घराकडून झाली, असे लोक दबक्या आवाजात म्हणत होते.

मोटार हाकणाऱ्याने वळणावर इशारा दिलाच पाहिजे, असा शहराचा नियम होता. डॉक्टरांच्या ड्रायव्हरवर ठेवलेले आरोप मात्र दोन होते. इशारा दिला नाही, हा पहिला. माणूस पाडल्यावर, आपण इशारा दिला होता असे भासवण्यासाठी मागाहून भोंगा वाजवला, हा दुसरा. पहिल्या आरोपात परवाना जाणार होता. दुसऱ्यात ड्रायव्हर स्वतः आत जाणार होता. परवा कोर्ट होते.

हा ड्रायव्हर मापसाहेबांचा मेहुणा.

मापसाहेब हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. शहरातील दुकानांचे तराजू, मापे आणि गज तपासून त्यांवर शिक्का मारण्याचे काम ते एकवीस वर्षे करत होते. विज्ञानाची पदवी घेतली तेव्हा याहून चमकदार काहीतरी करण्याचा त्यांचा बेत होता. तो मागे पडला. पण सांगितलेल्या गोष्टीपेक्षा मोजलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याची सवय तेवढी शिल्लक राहिली.

"अहो, ऐकताय ना?" बायको म्हणाली.

"ऐकतोय. भोंगा आधी वाजवला असं तुझा भाऊ म्हणतो. नंतर वाजवला असं बाकीचं जग म्हणतं."

"बाकीचं जग म्हणजे दोन माणसं."

"त्यातल्या एकाचा पाय मोडलाय. आणि तुझा भाऊ थापाड्या आहे, हे तूच मला लग्नात सांगितलंस."

"आहेच मुळी." बायकोने हातातले शिवण खाली ठेवले. "पण त्याच्या थापांत तो कायम शूर असतो. कुत्र्याला पळवलं, चोराला धरलं, डॉक्टरांना सुनावलं. या हकिगतीत तो नुसता घाबरलेला आहे. घाबरल्याची थाप कुणी मारतं का?"

याला पुरावा म्हणता येत नव्हते. पण एकवीस वर्षे एकाच बाजूला झुकणारा तराजू एके दिवशी दुसरीकडे झुकला, तर तो उघडून पाहावा लागतो. मापसाहेबांनी टोपी घातली.

२

चौकीच्या कोठडीत मेहुणा बाकावर पाय वर घेऊन बसला होता. एरवी खोलीत शिरण्याआधी ज्याचा आवाज शिरत असे, तो माणूस आज भिंतीशी बोलल्यासारखा बोलत होता.

"भावोजी, ताईने पाठवलं ना तुम्हाला?"

"हो. स्वतःहून आलो असतो असं समजू नकोस. भोंगा दाबलास?"

"दाबला. म्हातारबाबा दिसले त्याच क्षणी. वळणाच्या अलीकडे."

"आणि वाजला?"

"जबानीत लिहिलंय की."

"जबानी मी वाचली आहे. आता तुला विचारतोय."

मेहुण्याने गजांच्या पलीकडे, अंगणाकडे पाहिले. पोलिसांनी जप्त केलेली मोटार तिथे उघड्यावर उभी होती. उजव्या बाजूला वळणदार पितळी नळी, पुढे कर्णा आणि मागच्या टोकाला मुठीत मावेल एवढा रबरी फुगा. या यंत्रात लपवण्याजोगे काही नव्हते. फुगा दाबला की हवा नळीतून पुढे जाते, वाटेत बसवलेली पातळ पितळी जीभ थरथरते आणि कर्णा ती थरथर गावभर करतो.

"नाही वाजला," मेहुणा म्हणाला. "फुगा पार चपटा झाला. नखं रुतली रबरात. आवाज मात्र नाही."

"मग मागाहून कुणी वाजवला?"

"सांगितलं तर तुम्ही हसाल."

"मी सहसा हसत नाही."

"ते खरंय." मेहुण्याने पाय बाकावरून खाली घेतले. "गाडी थांबली. मी उडी मारायला उठलो. हात कुठे होते ते आठवत नाही, पण भोंगा दाबत नव्हतो, एवढं शपथेवर सांगतो. आणि तो आपोआप वाजला, भावोजी. बारीक, लांबलचक. हंबरल्यासारखा. हे कोर्टात कसं सांगू? म्हणून आधी वाजला असं लिहून दिलं."

दारातला हवालदार खाकरला. "साहेब, आमचा पहारेकरी कालपासून त्या गाडीजवळ जात नाहीये. काहीतरी बसलंय म्हणतो तिच्यात."

"हवालदार," मापसाहेब म्हणाले, "आजवर मी काही हजार तराजू तपासले. एकाच्याही पारड्यात भूत बसलेलं आढळलं नाही. अंगठा मात्र पुष्कळदा आढळला."

आता प्रश्न एवढाच होता, की या पारड्यावर अंगठा कुणाचा होता.

३

ओताऱ्याकडे शंकेने पाहायला कारण होते. तो मोटारींसाठी पायघंटा ओतत असे. ही घंटा गाडीच्या तळाशी बसवतात आणि हाकणाऱ्याने टाचेने खटका दाबला की ती ठणठणते. भोंगे आल्यापासून त्याच्या दुकानात घंटा ओळीने टांगलेल्या होत्या आणि टांगलेल्याच राहिल्या होत्या. शिवाय समोरच्या शिंप्याने सांगितले होते, की अपघाताच्या आदल्याच दिवशी ओतारी डॉक्टरांच्या उभ्या मोटारीच्या भोंग्याशी काहीतरी करताना दिसला.

"या, मापसाहेब," ओतारी साच्यातली वाळू थोपटत म्हणाला. "आता काय आवाजावरही शिक्का मारणार?"

"वरून हुकूम आला तर मारेन. भोंगे बंद करा म्हणून तुम्ही नगरपालिकेला अर्ज केलात?"

"तीनदा. घंटा म्हणजे निरोप असतो, साहेब. भोंगा म्हणजे शिवी. घंटा ऐकून माणूस बाजूला होतो. भोंगा ऐकून भांडायला उभा राहतो."

"आणि त्या शिवीला तुम्ही आदल्या दिवशी हात लावलात."

"शिंप्याने सांगितलं ना? त्याची सुई कपड्यात कमी आणि लोकांत जास्त." ओताऱ्याने हात झटकले. "लावला. गाडी दारात उभी होती. प्रतिस्पर्ध्याची ताकद बघू नये का? एकदा दाबला, वाजला, समाधान झालं."

"कसा वाजला?"

ओतारी विचारात पडला. आवाजाबद्दल तो थट्टा करत असे, पण खोटे बोलत नसे. "ऐट नव्हती. सकाळी अंथरुणातून ओढून काढलेल्या माणसासारखा. आधी उठायचंच नाही, मग कण्हत उठायचं."

"नळीत बोळा वगैरे कोंबलात?"

"कोंबला असता तर नंतरही वाजला नसता. आणि साहेब, एक हिशोब तुम्हीच करा. मला खोटंच बोलायचं असतं, तर भोंगा वाजलाच नाही असं सांगितलं असतं. आमच्या घंटांना तेच सोयीचं. वाजला, पण उशिरा, असली अर्धीमुर्धी थाप मारून मला काय मिळणार?"

मापसाहेबांनी मनातल्या मनात त्याच्या नावापुढे फुली मारली. हा युक्तिवाद त्यांना स्वतःला सुचायला हवा होता. तो सुचला नाही, याचे त्यांना किंचित वाईट वाटले.

४

ऑर्गनवाल्याचे दुरुस्तीचे दुकान खाली आणि बिऱ्हाड वर. जिना चढताना खालच्या बंद दारामागे कानशीची बारीक घसघस ऐकू येत होती. मापसाहेबांनी वरची कडी वाजवली तशी ती थांबली, आणि थोड्या वेळाने म्हाताऱ्याची मुलगी एप्रनला हात पुशीत त्यांच्या मागून जिना चढून आली. वय तिशीच्या आसपास, बोलणे मोजके.

"बाबा जागे आहेत. फार बोलायला लावू नका."

म्हातारा उशांना टेकून बसला होता. पाय फळ्यांत बांधलेला. मुलीने त्याच्या हातात अर्धा भरलेला कप दिला. तो त्याने दोन्ही हातांनी धरला, तरी थेंबभर चहा पांघरुणावर सांडलाच.

"पाय मोडलाय, साहेब. कान मोडलेला नाही," तो म्हणाला. "शहरातल्या प्रत्येक ऑर्गनचा सूर या कानाने लावलाय. आधी धडक, मग भोंगा. मध्ये मी दोन श्वास घेतले. तुमचा मेहुणा असला तरी मी एक श्वास कमी करणार नाही."

"करूही नका. आवाज कसा होता?"

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला. दुखणे विसरून तो किंचित पुढे झुकला. "तेच नवल आहे. मोटारीचे भोंगे म्हणजे नुसता कलकलाट. हा मात्र आमच्या ऑर्गनच्या एकोणिसाव्या पट्टीचा सूर. केसभर वर नाही, केसभर खाली नाही. रस्त्यात पडलो होतो, पाय भलतीकडे वळलेला दिसत होता, आणि डोक्यात काय आलं सांगू? याला इतका शुद्ध सूर कुणी लावला?"

"तुमच्याकडे कधी भोंग्याचं काम येतं?"

"मोटार दारावरून गेली तर मी खिडकी लावून घेतो. माझ्या हातून भोंग्याचं काम? कधीच नाही."

मुलीने त्याच्या हातातला कप काढून घेतला. कप अजून रिकामा झालेला नव्हता.

जिना उतरताना मापसाहेबांनी हिशोब मांडला. म्हातारा खरे बोलत होता. ओतारी खरे बोलत होता. आणि, हे मान्य करणे सर्वांत जड गेले, मेहुणाही बहुधा खरे बोलत होता. तिघेही खरे असतील, तर खोटे बोलणारे कुणीतरी अजून तपासायचे राहिले होते. त्याला तोंड होते, पण ते पितळी होते.

५

चौकीच्या अंगणात मापसाहेबांनी भोंगा बारा वेळा वाजवला. बाराही वेळा तो वाजला. आवाज जरा नरम होता, पण मेलेला नव्हता.

"वाजतोय की," हवालदार सावलीतून म्हणाला. "मी पण दोनदा वाजवून बघितला होता. पंचनाम्यात लिहिलंय, भोंगा सुस्थितीत."

मापसाहेबांनी घड्याळ खिशात ठेवले. बारा निरीक्षणे एकसारखी आली, की निष्कर्ष काढायला हरकत नसते. ते फाटकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. बारा निरीक्षणे एकसारखी आली होती, कारण बाराही वेळा भोंगा एकाच माणसाने एकाच पद्धतीने दाबला होता. निवांतपणे. दाब, सोड. दुकानदार गिऱ्हाईकाला दाखवतो तसा. हवालदारानेही तसाच दाबला असणार, आणि ओताऱ्यानेही.

घाबरलेला माणूस भोंगा असा दाबतो का?

जिन्यावरून पाय घसरला की माणूस कठडा धरतो. धरतो आणि धरूनच ठेवतो. मूठ आवळण्याचा निर्णय घाबरलेले शरीर क्षणात घेते. सोडण्याचा निर्णय मात्र धोका टळल्याखेरीज घेत नाही.

ते मोटारीत चढून हाकणाऱ्याच्या जागी बसले, डावा हात चाकावर ठेवला आणि उजव्या हाताने फुगा आवळला. सर्व शक्तीनिशी, आणि सोडला नाही.

अंगण शांत होते. भिंतीपलीकडे कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला.

"दाबा की, साहेब," हवालदार म्हणाला.

"दाबलाय."

"वाजला नाही तो."

"नाही वाजला." मापसाहेबांनी मनात सातपर्यंत मोजले. मग त्यांनी मूठ उघडली आणि हात गुडघ्यावर ठेवला.

चेपलेले रबर सावकाश फुगू लागले, आणि कुणाचाही स्पर्श नसलेला भोंगा बारीक, लांबलचक हंबरला.

हवालदार तीन पावले मागे सरला. मापसाहेब दोन दिवसांत प्रथमच हसले.

"भूत नाही, हवालदार. पाना आणा."

नळी उघडायला पाच मिनिटे लागली. आत बोटाच्या पेराएवढा पितळी पत्रा होता, त्यात एक लांबट फट, आणि फटीवर दोन इवल्याशा रिव्हेटांनी बसवलेली जीभ. अशी जीभ एकाच बाजूच्या वाऱ्याला बोलते. उलट बाजूने आलेला वारा तिच्या फटीतून मुकाट निघून जातो. भोंग्यात वारा फुग्याकडून कर्ण्याकडे जातो, म्हणून जिभेचे तोंड फुग्याकडे हवे. हिचे तोंड कर्ण्याकडे होते. फुगा दाबताना ती गप्प राहत होती. फुगा सुटून पुन्हा हवा ओढू लागला, की बोलत होती. चटकन दाबून सोडला तर या दोहोंतले अंतर कानाला कळतही नव्हते. घट्ट धरून ठेवला, की धरून ठेवला तितका वेळ भोंगा मुका.

मेहुण्याने इशारा वेळेवर दिला होता. तो पोचला मूठ सुटल्यावर.

पत्र्याच्या कडेला सुईच्या टोकाने कोरलेला एक आकडा होता. मापसाहेबांनी भिंग लावले. एकोणीस.

६

डॉक्टरांच्या मोटारीचे काम मिस्त्री करीत असे. घोड्यांचे नाल ठोकण्यापासून त्याने सुरुवात केली होती आणि मोटारीलाही तो मनातून घोडाच समजत असे.

"भोंग्याची जीभ तुटली होती. अपघाताच्या तीन दिवस आधी. मीच नवी बसवली," तो म्हणाला.

मापसाहेबांनी पत्रा त्याच्या पुढे धरला. "हे रिव्हेट तू ठोकलेस?"

"हो."

"तुझा सगळ्यात लहान हातोडा दाखव."

मिस्त्रीने दाखवला. त्याचे डोके त्या पत्र्याच्या चौपट होते. दोघांनीही काही वेळ त्याकडे पाहिले.

"बरं, मी नाही ठोकले," मिस्त्री म्हणाला. "पण कुणी ते विचारू नका. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कसला उरला?"

"तू सांगितलं नाहीस तर परवा माझा मेहुणा तुरुंगात जाईल."

"तुमचा मेहुणा माझाही दोस्त आहे, साहेब. दोन दिवस घशाखाली घास उतरत नाहीये. पण बायकामाणसाला दिलेला शब्द..." तो एकदम थांबला, आणि ऐरणीवरची नसलेली धूळ पुसू लागला.

मापसाहेबांनी न ऐकल्यासारखे केले. "नाव नको. फक्त एवढं सांग. जीभ बसवून झाल्यावर तपासून दिली का?"

"माझ्यासमोर. भात्यावर धरली. अशी गोड वाजली की बस."

"भाता हवा बाहेर फुंकत होता, की आत ओढत होता?"

मिस्त्रीने डोळे मिटून आठवले. "ओढत. तिथे कागदाचा कपटा पडला होता, तो भात्याला चिकटला."

पायाने चालवायच्या ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो, आणि सूर त्या ओढलेल्या हवेवर बोलतो. ज्या हाताने हजार जिभा भात्याकडे पाठ करून बसवल्या, त्या हाताने एक हजार एकावी जीभही तशीच बसवली. रबरी फुग्यालाही त्या हाताने भाताच मानले आणि जिभेची पाठ त्याच्याकडे केली. लोहार ही चूक करू शकला नसता. भोंग्याच्या कारखान्यातला कामगारही नाही. त्यासाठी ऑर्गनचा उत्तम कारागीरच लागत होता.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मापसाहेबांनी हवालदाराला पावती देऊन आणलेला, जीभ पुन्हा होती तशीच बसवलेला भोंगा म्हाताऱ्याच्या पांघरुणावर ठेवला. मुलगी खिडकीपाशी उभी होती.

"मला नाही बघायचं ते," म्हातारा म्हणाला.

"बघू नका. ऐका." मापसाहेबांनी फुगा आवळला आणि धरून ठेवला. मग सोडला.

सूर संपेपर्यंत म्हातारा निश्चल होता. त्याला समजावून सांगण्याची गरज पडली नाही. "उलटी बसवलीय," तो हळू म्हणाला. "म्हणजे त्या पोराने..."

"वेळेवर दाबला होता. तुमची जबानीही अक्षरशः खरी आहे. भोंगा नंतरच वाजला."

"मग झालं की. सोडवा त्याला."

"एवढ्याने सुटणार नाही. मोटार दोन दिवस चौकीच्या उघड्या अंगणात होती. जीभ अपघातानंतर कुणीतरी उलटी केली असेल, असं सरकारी वकील पहिल्या वाक्यात म्हणेल. ती अपघाताआधीच उलटी होती, हे ज्याने बसवली त्याने स्वतः सांगायला हवं." मापसाहेबांनी सैल ठेवलेली नळी उघडून पत्रा काढला आणि भिंगासह पांघरुणावर ठेवला. "मी नाव विचारत नाही. माझा अंदाज आहे, आणि अंदाज मी कागदावर उतरवत नाही."

म्हाताऱ्याने स्वतःच्या हातांकडे पाहिले. ते पांघरुणावर कापत होते, आणि ते कापतात हे या खोलीबाहेर कुणाला ठाऊक नव्हते.

"मी बसवली," मुलगी म्हणाली.

"मोटारीचं काम?" म्हाताऱ्याने विचारले. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असता."

"म्हणालोच असतो."

"मला बघायचं होतं, बाबा. इवल्याशा जिभेवर एवढा मोठा आवाज कसा निघतो ते. मिस्त्रीला मीच गप्प राहायला सांगितलं." तिचा आवाज चढला नाही, पण एप्रनचे टोक बोटाभोवती घट्ट गुंडाळले गेले. "तुमचा पाय माझ्या हाताने मोडला. दोन दिवस मला वाटत होतं, त्याने खरंच उशिरा वाजवला असावा. तसं वाटायला बरं होतं."

"कोर्टात सांगितलंस तर काय होईल, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. सहा वर्षं सगळं काम मी करतेय आणि तुमच्या नावाने देतेय. शाळा, सभागृह, नाटकमंडळी, सगळ्यांना वाटतं हात तुमचा. त्यांना कळेल की हात माझा आहे, आणि कळेल तेही माझ्या चुकीवरून. दुकान बंद पडेल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

रस्त्यावरून एक मोटार गेली. म्हातारा नेहमीसारखा खिडकी लाव म्हणाला नाही.

"मी खरं बोललो आणि त्या पोराला आत घातलं," अखेरीस तो म्हणाला. "असलं खरं घेऊन मी झोपू कसा?" त्याने भिंग उचलले. हात कापत असल्याने पत्रा दिसायला त्याला बराच वेळ लागला. "रिव्हेट चांगले बसवलेस. मला इतके सफाईने जमले नसते. साहेब, दुकानाच्या नावाने लिहून दिलं तर चालेल का?"

"दुकानाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करता येत नाही."

"बाबा, राहू द्या," मुलगी म्हणाली. "मी येते."

८

कोर्टात गर्दी होती. भोंग्याला भूत लागल्याची बातमी हवालदाराच्या पहारेकऱ्याने शहरभर पोचवली होती, आणि ते पाहायला लोक आले होते. त्यांची निराशा झाली. त्यांना पितळेचा एक तुकडा पाहायला मिळाला.

म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून आणले होते. त्याने जबानीतला एकही शब्द बदलला नाही. आधी धडक, मग भोंगा, मध्ये दोन श्वास. सरकारी वकील समाधानाने खाली बसला. मग मिस्त्रीने, शब्दातून मोकळा झाल्यामुळे, गरजेपेक्षा तिप्पट साक्ष दिली. मग मुलगी उभी राहिली.

"नाव झालं. धंदा?" कारकुनाने मान वर न करता विचारले.

"ऑर्गनची दुरुस्ती."

कारकुनाने मान वर केली. "वडिलांचा विचारला नाही. तुमचा."

"माझाच सांगतेय."

न्यायाधीशांनी चष्मा पुढे सरकवला. "किती वर्षं?"

"सहा."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. ती शांत होईपर्यंत मुलगी थांबली, आणि मग तिने जीभ कशी बसवली, का तशी बसवली, कोणत्या भात्यावर तपासली, हे एकेक करून सांगितले. चूक कुणाची, असे वकिलाने दोनदा विचारले. दोन्ही वेळा तिने एकच उत्तर दिले. मापसाहेबांनी नंतर फुगा आवळून दाखवला, तेव्हा न्यायाधीशांनी तो मागून घेतला आणि स्वतः चार वेळा करून पाहिला; चौथी वेळ तपासासाठी आवश्यक नव्हती.

ड्रायव्हर सुटला. वळणावर वेग कमी ठेवण्याची समज देऊन परवाना परत मिळाला. तो पहिल्यांदा म्हाताऱ्याच्या खुर्चीपाशी गेला, पण काय बोलावे ते न सुचल्याने नुसता खुर्ची उचलायला लागला. ओतारी दारात होता. "अजूनही सांगतो, घंटा लावा," तो मापसाहेबांना म्हणाला. मापसाहेबांनी विचार करून सांगितले, की या खटल्यापुरते त्यांचे त्याच्याशी दुमत नाही.

बाहेर पायऱ्यांवर नाटकमंडळींचा व्यवस्थापक मुलीला भेटला. दुरुस्तीला दिलेला ऑर्गन आम्ही संध्याकाळी परत नेऊ, तसाच चालेल, असे तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली. त्याच्या मागून शाळेच्या मुख्याध्यापिका खाली उतरत होत्या. त्या तिच्यापाशी थांबल्या.

"गेल्या वर्षी आमच्या प्रार्थनेचा ऑर्गन तूच केलास?"

"हो, बाई."

"मी तेव्हा तुझ्या वडिलांना कौतुकाचं पत्र पाठवलं होतं."

"मिळालं होतं. वाचून ठेवलंय."

मुख्याध्यापिकांनी तिला नीट पाहून घेतले, जणू वजन करीत असाव्यात. "दोन पट्ट्या पुन्हा दबत नाहीत. सोमवारी ये. आणि काम झाल्यावर पावतीवर सही कुणाची करायची, ते आता तू ठरव."

मुलीने वळून पाहिले. वडिलांची खुर्ची पायऱ्यांवरून खाली येत होती, चार माणसांच्या खांद्यांवर जराशी कललेली, आणि म्हातारा वरून ओरडून त्यांना सांगत होता, की डावीकडचा फार उंच आहे, त्याने गुडघे वाकवावेत.

"सोमवारी सकाळी येते," ती म्हणाली आणि खुर्चीचा डावा पाय धरायला धावली.